उकळलेलं पाणी

गार्गी भुयार बऱ्याच वर्षांनी शाळेत आली तेव्हा नूतन बोंडे मॅडम चौथीच्या मुलांबरोबर मैदानात उकिडव्या बसल्या होत्या. मुलं आवारातल्या कडुनिंबाची उंची काढत होती. झाडावर चढायचं नाही, एवढी एकच अट. काठीची सावली मोजायची, झाडाची सावली मोजायची आणि पुढचं डोक्याने करायचं. दोन गटांची उत्तरं जुळत नव्हती. एका गटाने काठीची सावली खिचडीच्या सुट्टीआधी मोजली होती आणि झाडाची सुट्टीनंतर. पण हे अजून कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं आणि चांगलंच भांडण पेटलं होतं. मॅडमना कारण दिसत होतं. त्या गप्प होत्या.

"अजूनही सांगत नाही तुम्ही," मागून आवाज आला.

नूतनने वळून पाहिलं. ओळख पटायला क्षणभर लागला. "गार्गी? भुयारांची?"

बेलोरी हे वरुड तालुक्यातलं संत्र्यांचं गाव. गार्गी इथेच शिकली, मग वरुडला, मग पुण्याला आणि पुढे परदेशात. ती मेंदूवर काहीतरी संशोधन करते, एवढं गावाला माहीत होतं. शाळा सुटल्यावर दोघी वर्गातल्याच बाकांवर बसल्या. गार्गीने बाकावरून हात फिरवला आणि म्हणाली, "मॅडम, बर्फ आठवतो?"

नूतनला आठवत होता. काठोकाठ भरलेला ग्लास, त्यात तरंगणारा बर्फाचा खडा. बर्फ वितळला की पाणी सांडणार यावर गार्गीने अख्ख्या वर्गाशी पैज मारली होती. ग्लासाखाली तिने स्वतःचा रुमाल अंथरला होता, भिजला की पुरावा म्हणून. बर्फ वितळला. रुमाल कोरडाच राहिला.

"रडली होतीस तू."

"रडले नव्हते. छातीत काहीतरी झालं होतं. आपण इतके पक्के असतो आणि जग भलतंच करतं, त्या वेळी जे होतं ते. इतकी वर्षं मी तेच शोधत होते. सापडलं, मॅडम."

तिने सांगितलं ते असं. मेंदू जगाकडे कोऱ्या नजरेने पाहत नाही. पुढे काय होणार याचा तो सतत अंदाज बांधत असतो. अंदाज बरोबर आला तर विशेष काही घडत नाही. चुकला, की मेंदूच्या तळाशी असलेल्या पेशींचा एक छोटा पुंजका डोपामीन सोडतो, आणि त्या क्षणी जे समोर असेल ते आत कोरलं जातं. म्हणून घोकलेलं विसरतं आणि एका ग्लासातलं पाणी आयुष्यभर आठवतं. गार्गीच्या गटाने त्या पुंजक्यापर्यंत बाहेरून पोहोचायची वाट शोधली होती. कपाळाला बांधायची एक पट्टी. तिच्यातून निघणाऱ्या, कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी कवटीतून आत जाऊन एका बिंदूवर एकत्र येत, भिंगाने ऊन एका ठिकाणी आणावं तशा. सुई नाही, औषध नाही. पेशींना वाटायचं, अंदाज चुकला. आणि त्याच वेळी कानात जो धडा चालू असेल तो पक्का व्हायचा.

"म्हणजे बर्फ नको, ग्लास नको," नूतन म्हणाली.

"प्रत्येक शाळेत तुम्ही नाही ना, मॅडम."

 शेजारच्या गावात दोन वर्षं विज्ञानाला शिक्षकच नव्हता, हे नूतनला माहीत होतं. तिथल्या मुलांनी भिंग फक्त चित्रात पाहिलं होतं.

गार्गीला दोन गोष्टी हव्या होत्या. मुलांना अचंबा नेमका कधी वाटतो आणि किती वाटतो, हे मोजायला हा वर्ग हवा होता, कारण इथे तो रोज वाटायचा. आणि तिला नूतनचा आवाज हवा होता. "धडे तुमच्या आवाजात असतील. आम्ही बरेच आवाज तपासले. मुलं तुमच्या आवाजाला थांबतात."

निवृत्तीला थोडी वर्षं राहिलेल्या बाईला याहून मोठं काय देणार कोण? नूतनने दोन्ही दिलं, आणि घरी जाऊन ते नवऱ्याला सांगताना तिचा चेहरा तरुण दिसत होता.

त्या हिवाळ्यात मुलं टोप्या घालून प्रयोग करत राहिली. टोप्यांतल्या तारा त्यांचा अचंबा मोजत राहिल्या. सालीसकट तरंगणारं संत्रं सोलल्यावर बुडालं तेव्हा गार्गीच्या पडद्यावर चढलेली रेघ पाहून ती खुर्चीतून उठली होती.

पुढच्या जूनमध्ये ती पट्टी शाळाशाळांत नेणारी 'उमज' योजना राज्यभर सुरू झाली.

---

सुरुवातीचे महिने चांगले गेले, हे नूतनने पुढेही कधी नाकारलं नाही. ज्यांच्या घरी अभ्यास घ्यायला कोणी नव्हतं ती मुलं बाकीच्यांच्या बरोबरीला आली. अपूर्णांक, ज्यांनी पिढ्यान्पिढ्या रडवलं, ते दिवाळीआधी सगळ्यांना येऊ लागले. पालक सभेत बाप लोक मुलांना अवघड गुणाकार विचारत आणि उत्तर आलं की एकमेकांकडे पाहून हसत.

पट्टीच्या तासाला मुलं डोळे मिटून बसत. मधेच सगळ्यांचे ओठ एकदम विलगत आणि वर्गभर एक बारीक "हा!" उमटे. सगळ्यांचा एकाच वेळी. कानात घातलेल्या इअरफोनमधून नूतनचा आवाज झिरपत असे. बोलत ती होती, आणि उभी होती खिडकीपाशी, काही न करता. त्या आवाजात ती कधीच न बोललेली वाक्यं होती. यंत्राने तिचा आवाज घेऊन स्वतः रचलेली. पहिल्यांदा ते ऐकून तिला हसू आलं होतं. पुढे ती त्या तासाला बाहेर जाऊन उभी राहू लागली.

चौथीत वेदिका कोहळे होती. तिसरीत असताना या मुलीने संत्र्याची बी मुद्दाम उलटी लावली होती, कोंब खाली जातो का बघायला. कोंब वळून वर आला तेव्हा तिने तो पुन्हा उलटा केला होता. तिसऱ्यांदा करायला गेली तेव्हा तो मोडला, आणि ती दिवसभर कोणाशी बोलली नव्हती.

जानेवारीत नूतनने वर्गात दोरीला दगड बांधून लंबक टांगला. जड दगडाचा झोका लवकर परत येईल की हलक्याचा? पूर्वी या प्रश्नावर वर्गाचे दोन तट पडत.

"दोन्ही सारखेच, मॅडम," वेदिका म्हणाली. "दोरीच्या लांबीवर असते ते."

"करून बघायचं?"

मुलं एकमेकांकडे पाहू लागली. मोठ्या माणसाचं मन राखावं तसं वेदिका उठली, दगड सोडला, झोके मोजले, पुन्हा जागेवर बसली. उत्तर बरोबर होतं. तिने दगडाकडे धड पाहिलंही नव्हतं.

नूतनने ते मुख्याध्यापकांना सांगितलं. ते म्हणाले, "येतं ना त्यांना? मग?"

---

मार्चमध्ये सकाळची शाळा सुरू झाली की नूतन दरवर्षी पाण्याचा अभ्यास घ्यायची. बेलोरीच्या विहिरी संत्र्यांच्या बागांमध्ये होत्या. बागांना वर्षानुवर्षं भरपूर खत दिलेलं. त्यातलं नायट्रेट मुरत मुरत विहिरीत उतरलेलं. ते दिसत नाही, त्याला वास नाही, चव नाही. मोठ्यांना फारसं बाधत नाही. पण दोन-चार महिन्यांच्या बाळाच्या पोटात त्याचं असं काही होतं, की रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही. त्यात भर म्हणजे, पाणी उकळल्याने जंतू मरतात, पण नायट्रेट जात नाही. वाफ होऊन पाणी कमी होतं आणि ते तेवढंच राहतं. म्हणजे उरलेल्या पाण्यात त्याचा जोर वाढतो.

हे ती सांगायची नाही. मुलं घरून बाटल्यांतून पाणी आणत. वर्गात गॅसवर एका भांड्यात विहिरीचं पाणी अर्धं आटवत. मग वरुडच्या माती प्रयोगशाळेतून आणलेले नायट्रेटच्या चाचणीचे कागद दोन्ही पाण्यांत बुडवायचे. साध्या पाण्यात कागद गुलाबी. आटवलेल्यात गडद, जवळजवळ जांभळा. बेलोरीतली पोरं हे पाहून घरी जात आणि आयांना सांगत. गावात बाळाचं दूध विहिरीच्या पाण्यात कोणी कालवत नसे, ते याच पोरांमुळे.

त्या वर्षी मुलांनी कागद बुडवले. आटवलेल्या पाण्यातला कागद जांभळा झाला.

वर्ग शांत राहिला.

"काय दिसतं?" नूतनने विचारलं.

"कागद खराब झाला, मॅडम," एक मुलगा म्हणाला.

तिने नवी डबी फोडली. दुसरा कागद. जांभळा.

"ही डबीपण खराब निघाली," वेदिका म्हणाली. थट्टा नव्हती. तिला डबीचं खरोखर वाईट वाटलं होतं. "उकळलेलं पाणी सुरक्षित असते, मॅडम. कोणतंही."

"कोणी सांगितलं?"

वेदिका गोंधळली. असा प्रश्न कसा काय विचारतात, असं तिच्या चेहऱ्यावर होतं. "तुम्हीच तं सांगतलं."

मागच्या आठवड्यात पट्टीवर 'सुरक्षित पाणी' हा धडा झाला होता. फेब्रुवारीत तीन जिल्ह्यांत काविळीची साथ आली होती, म्हणून आरोग्य खात्याने तो घाईने करून घेतला होता. पाणी उकळून प्या. उकळलेलं पाणी सुरक्षित. राज्यातल्या बहुतेक गावांना ते लागू होतं. धडा नूतनच्या आवाजात होता. तिला कोणी विचारलं नव्हतं.

"ती मी नव्हते, बाळा. यंत्र होतं. आता मी सांगते आहे. आणि माझं राहू दे, तुझ्या हातातला कागद बघ ना."

वेदिकाने कागद पाहिला. मग मॅडमकडे पाहिलं. तिच्या नजरेत जे होतं ते नूतनने मुलांच्या डोळ्यांत पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. ती कीव होती.

त्याच दुपारी नूतनने गार्गीला निरोप पाठवला. उत्तर लगेच आलं: मॅडम, बरोबर आहे तुमचं, नोंद केली, जूनच्या फेरीत धडा बदलतो. नूतनने तो निरोप दोनदा वाचला आणि मोबाइल पिशवीत टाकला.

---

एप्रिलच्या सुरुवातीला गावचा नळ आटला आणि घरोघर विहिरीचं पाणी भरू लागले. शाळा सुटली होती. नूतन एकटीच वर्गात माहिती भरत बसली होती, तेव्हा दारातून वेदिका आली. अनवाणी. तिच्या हातात तिचा भाऊ होता, अंश. अडीच-तीन महिन्यांचा.

"मॅडम, हा पाहा ना कसा करून राहिला."

बाळाचे ओठ वांग्याच्या सालीच्या रंगाचे झाले होते. नखं राखाडी. ते रडत नव्हतं. डोळे उघडे होते आणि ते फक्त भराभर श्वास घेत होतं.

नूतनने काही विचारलं नाही. तिने वेदिकाला बाळासकट गाडीत बसवलं आणि वरुडच्या रस्त्याला लागली. गाडी चालवताना तिने एकच प्रश्न विचारला.

"दूध कशात कालवलं?"

"विहिरीच्या पाण्यात. आई शेडवर संत्री भरायला जाते ना, तं दुपारचं दूध मीच देतो. पण मी उकळलं होतं, मॅडम. चांगलं आटेपर्यंत उकळलं होतं."

दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होती, नाझनीन शेख. तिने बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब पांढऱ्या कागदावर घेतला आणि हलवून वारा दिला. थेंब लाल झाला नाही. चॉकलेटसारखा तपकिरी राहिला. "विहिरीचं पाणी?" तिने विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता औषध मागवलं. ते गडद निळं होतं. बाळाच्या नसेतून ते हळूहळू आत गेलं, आणि वेदिका भिंतीला पाठ लावून बघत राहिली.

संध्याकाळी पल्लवी, वेदिकाची आई, शेडवरच्या कपड्यांतच धावत आली तेव्हा अंशचे ओठ गुलाबी झाले होते. तिने पोराला छातीशी धरलं आणि मोठ्याने रडली. नवरा ट्रक घेऊन दिल्लीच्या वाटेवर होता.

"थोडा उशीर झाला असता तर," डॉक्टर नूतनला बाजूला घेऊन म्हणाली आणि वाक्य तिथेच सोडलं. मग ती वेदिकासमोर खाली बसली आणि तिने सगळं नीट समजावलं. पाण्यात काय होतं, उकळल्यावर ते का वाढलं, रक्ताचं काय झालं. वेदिका समजूतदारपणे मान हलवत होती.

डॉक्टर गेल्यावर नूतन तिच्या शेजारी बाकावर बसली. "कळलं ना?"

"हो, मॅडम." वेदिका आपल्या पायाच्या बोटांकडे पाहत होती. तिच्या गालांवर रडल्याचे ओघळ सुकले होते. "माहीच चूक झाली. कमी उकळलं असन मी. आता जास्त उकळीन."

---

नूतनने पाण्याचे मोठे कॅन कोहळ्यांच्या घरी नेऊन दिले. पल्लवीला बजावलं, बाळाला फक्त यातलंच. पल्लवीने वेदिकाला बजावलं, एक धपाटाही घातला. तीन दिवस पल्लवी घरी राहिली. चौथ्या दिवशी तिला शेडवर जावंच लागलं, आणि शाळा सुटल्यावर नूतन त्यांच्या घराकडे वळली.

कॅन कोपऱ्यात होते, झाकणंही न उघडलेले. गॅसवर पातेलं होतं. त्यात तळाला थोडं पाणी खदखदत होतं, आणि वेदिका स्टुलावर उभी राहून, चटका बसू नये म्हणून फ्रॉकचा घेर मुठीत धरून, त्याच्याकडे लक्ष ठेवून होती.

"कॅनचं पाणी काहून नाही घेतलं?"

"ते उकळलेलं नाही, मॅडम. कुठून आणलं काय माहीत. अंश आत्ताच आजारातून उठला." ती नूतनकडे वळून हसली. "पाहा, किती आटवलं मी."

नूतनने गॅस बंद केला. पातेलं उचललं, अंगणात गेली आणि पाणी ओतून दिलं. मागे वळली तेव्हा वेदिका दारात उभी होती आणि रिकाम्या पातेल्याकडे पाहत होती.  तिच्या भावाचं औषध कोणीतरी मातीत सांडलं होतं.

त्या दिवशी नूतनने गार्गीला निरोप पाठवला नाही, फोन केला. "ताबडतोब ये," एवढंच म्हणाली.

---

गार्गी शाळेत आली ती झोप न झालेल्या चेहऱ्याने. तिने सगळं ऐकलं. बाळ निळं पडलं होतं, हे ऐकताना तिने हात तोंडावर धरला.

"पण तिने डोळ्यांनी पाहिलंय," नूतन म्हणाली. "कागद पाहिला. भाऊ पाहिला. तरी तिला पटत नाही. असं कसं?"

 गार्गी पाठ म्हटल्यासारखं म्हणाली, "मेंदू नेहमी दोन गोष्टी तोलतो, मॅडम. आतला अंदाज आणि बाहेरून डोळ्यांनी आणलेली खबर. अंदाज कच्चा असला तर डोळ्यांचं ऐकतो. अंदाज फार पक्का असला तर डोळ्यांचीच चूक धरतो. तुमच्या वर्गात मुलांचा अंदाज एकदा चुकायचा, थोडा बदलायचा, मग पुन्हा चुकायचा. पट्टी एका बैठकीत इतके धक्के देते, की..." ती थांबली. "की मग धक्का उरतच नाही. जांभळा कागद पाहून तिला आश्चर्य वाटायला हवं होतं. वाटलंच नाही."

"तुला माहीत होतं हे?"

"आमच्या अहवालात त्याला टिकाऊपणा म्हटलंय. सगळ्यात चांगला निकाल तोच होता. त्यावरच योजना मंजूर झाली."

 "काढून टाक तिच्या डोक्यातलं," नूतन म्हणाली.

"पुसता येत नाही. त्याच्यावर दुसरं कोरता येतं." गार्गीने बॅग उघडली. आत पट्टी होती. "दुरुस्त धडा मी आजच लिहिलाय. इथून निघून मला तालुक्यातल्या प्रत्येक गावात जायचंय, जिथे विहिरी बागेत आहेत तिथे. किती घरांत बाळं आहेत, मला माहीत नाही. पण वेदिकाचं यंत्राच्या आवाजाने होईल असं वाटत नाही. पाणी उकळण्यावर तिने आता फार जीव लावलाय. तुम्ही समोर बसून बोलाल तर होईल."

"म्हणजे मी सांगायचं आणि तू आतून तिला पटवायचं."

"हो."

"ती विचार करणार नाही."

"नाही."

"मला वेळ दे. मी तिला रोज जवळ बसवीन. महिनाभर कागद बुडवू, दोन महिने. कधीतरी ती पाहील."

"पाहीलही," गार्गी म्हणाली. "तोवर दुपारचं दूध कोण देणार?"

पल्लवी वर्गाच्या दारात बसून ऐकत होती. अंश तिच्या मांडीवर झोपला होता. ती म्हणाली, "लावा जी मॅडम ते काय असन ते. मी सांगून सांगून थकली. पोरगी ऐकत नाही. तिचा जीव हाये याच्यावर, म्हणूनच तं भेव वाटते मले. मी कामाले गेली का ती त्याले काय पाजन, या भेवानं माह्या हातून संत्री सुटते."

नूतनने गार्गीकडे पाहिलं. सगळ्या आयुष्यात कोणाचा इतका राग तिला आला नव्हता. आणि बर्फाच्या ग्लासापाशी उभी असलेली ती मुलगी अजूनही तिला त्याच चेहऱ्यात दिसत होती, हे त्याहून वाईट होतं.

"घेऊन ये तिला," ती पल्लवीला म्हणाली.

---

रविवार होता. शाळेत दुसरं कोणी नव्हतं. वेदिका पहिल्या बाकावर बसली आणि पट्टी तिने स्वतःच बांधून घेतली. ती खुशीत होती. रविवारी पट्टी कधी मिळत नसे. गार्गी यंत्रापाशी बसली. नूतन समोरच्या बाकावर बसली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ.

"विहिरीच्या पाण्यात खताचं विष उतरलंय," ती म्हणाली.  "ते उकळून जात नाही. उकळलं की वाढतं. तुझ्या भावाला त्याच पाण्याने झालं. बाळाला विहिरीचं पाणी द्यायचं नाही. उकळूनही नाही."

गार्गीने कळ दाबली.

वेदिकाचे ओठ विलगले. "हा!" बारीक, आनंदाचा आवाज. तिचे डोळे मोठे झाले आणि त्यांत पाणी आलं, आणि ते पाणी दुःखाचं नव्हतं.

"पुन्हा," गार्गी हळूच म्हणाली.

नूतनने पुन्हा सांगितलं. पुन्हा कळ. पुन्हा "हा!" गार्गी आकडे पाहत होती. तिसऱ्या वेळी नूतनचा आवाज चिरकला, तरी शब्द तेच होते. मग गार्गीने मान हलवली. पुरे.

वेदिकाने पट्टी काढली आणि धावत दाराशी गेली. "आई! विहिरीचं पाणी नको देऊ अंशले! उकळूनपण नाही! कॅनचंच द्यायचं!" पल्लवीने तिला पदरात ओढून घेतलं आणि नूतनकडे पाहून हात जोडले. नूतनने तोंड फिरवलं.

तिने कपाटातून चाचणीच्या कागदांची डबी काढली. विहिरीचं पाणी बाटलीत होतं, गॅस होता, पातेलं होतं. "वेदिका, ये. आता बघू या. तूच बुडव."

वेदिका आली, पण डबीला तिने हात लावला नाही. "कशाले, मॅडम? पटलं ना मले."

"तरी बघ."

"जांभळाच होईन." ती अगदी प्रेमाने बोलत होती. "तुम्ही सांगतलं ना."

नूतनने डबी टेबलावर ठेवली. ती पुन्हा बाकावर बसली, वेदिकाचे दोन्ही हात तिने हातांत घेतले आणि विचारलं, "आणि उद्या मी सांगितलं, की माझंच चुकलं होतं? पाणी उकळलं की चांगलंच असतं?"

वेदिकाला प्रश्न अवघड वाटला नाही. विचार करायला ती थांबलीही नाही.

"मग तसं, मॅडम."

यंत्रापाशी बसलेल्या गार्गीने ते ऐकलं. तिचे हात थांबले.  मग तिने पट्टी पुसली, तार गुंडाळली आणि बॅग बंद केली. पुढचं गाव जवळच होतं, आणि तिथेही बागेत विहीर होती.